शब्दवेध : वॉरंट

‘पकड वॉरंट’ निघालं की लोणावळ्यातला माणूस वडगाव मावळच्या न्यायालयाची वाटच टाळू लागतो. शब्दाच्या पोटात मात्र भीती नाही. जुन्या फ्रेंच बोलीतला त्याचा पूर्वज म्हणजे रक्षणकर्ता, हमीदार. ‘गॅरंटी’ ही त्याचीच बहीण. अरबीतून आलेला ‘जामीन’ही मुळात हमीदारच. पोलिसाच्या पाठीशी न्यायालय उभं आहे, ही हमी वॉरंटची. आरोपी तारखेला येईल, ही हमी जामीनदाराची. व्युत्पत्तीनं अटक टळते का, असं कुणी विचारेल. नाही टळत, पण कायदाही याच हमीवर चालतो. जामीनपात्र वॉरंटवर रक्कम लिहिलेली असते, तेवढा जामीन दिला की पोलिसांनी सोडायचं.

जुनं वॉरंट आपोआप मरतं, हा समज घातक आहे. ते बजावलं जाईपर्यंत किंवा काढणारं न्यायालय रद्द करीपर्यंत जिवंत राहतं. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ तेच सांगतं. म्हणून ई-कोर्ट्‌स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावानं किंवा सीएनआर या ओळख क्रमांकानं खटला शोधावा आणि तारखेला न गेल्याचं खरं कारण, दवाखान्याचा कागद जोडून, वकिलामार्फत रद्द करण्याचा अर्ज द्यावा. गेलो तर तिथंच धरतील, ही धास्ती पोकळ नाही. अजामीनपात्र वॉरंटात निर्णय न्यायाधीशांचा. तरी स्वतःहून हजर झालेल्याची बाजू पकडून आणलेल्यापेक्षा भक्कमच असते.