लॅन्सिंगचा भिन्नमतलेख

युद्धापराध्यांची चौकशी कशी व्हावी, या वादाचा आरंभ बहुधा १९४५ च्या न्यूरेंबर्गपासून धरितात. आमच्या मतें त्याचें मूळ १९१९ च्या पॅरिस येथील कागदांत पाहिलें पाहिजे.

शांतता परिषदेनें युद्धाची जबाबदारी ठरविण्यासाठीं पंधरा सभासदांचें मंडळ नेमिलें. त्याचे अध्यक्ष अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग हे होते. मंडळाच्या २९ मार्चच्या अहवालास त्यांनीं व जेम्स ब्राउन स्कॉट यांनीं ४ एप्रिल रोजीं आपला भिन्नमतलेख जोडिला. त्यांतील सल्ला असा: युद्धाचे नियम व रूढी मोडणारांस प्रस्थापित लष्करी न्यायालयांपुढें उभें करावें, घडल्या कृत्यासाठीं मागाहून कायदा निर्मूं नये, मानवतेचे नियम देशकालपरत्वें बदलतात, सबब ते शिक्षेस आधार होत नाहींत, राष्ट्रप्रमुख आपल्याच देशास जबाबदार.

हा अपराध्यांचा कैवार नव्हे; पहिलें कलमच शिक्षा मागतें. परंतु त्याची किंमत मोठी होती. तुर्की सत्तेनें आपल्याच आर्मेनियन प्रजेची केलेली कत्तल युद्धनियमांत बसत नव्हती. ती या सल्ल्यानें न्यायालयाबाहेरच राहती.

१९९८ च्या रोम करारानें या सल्ल्याची निवड केलेली दिसते. कायदा कृत्यापूर्वींचा असावा, हें २२ व २४ या कलमांनीं मान्य केलें. मानवतेविरुद्धचे अपराध ७ व्या कलमानें नेमके वर्णिले. राष्ट्रप्रमुखाचें कवच २७ व्या कलमानें काढून घेतलें. लॅन्सिंग यांची शंका खरी होती. तिचें उत्तर मात्र अपराध सोडून देणें हें नसून कायदा आधीं लिहून ठेवणें हें होतें.