सुई न टेकवता वाजणारी तबकडी

आज बोलू या फोनोच्या तबकडीबद्दल. जुन्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत ती अजून सापडते.

तबकडीवर कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाणारी, केसाएवढी बारीक खाच असते. ती नागमोडी असते, आणि तो नागमोडीपणा म्हणजेच आवाज. सुई खाचेतून घासत जाते, थरथरते. ती थरथर मोठी केली की गाणं ऐकू येतं.

पूर्वीच्या तबकड्यांत लाख असे. आपल्या बांगड्यांची लाख, झाडावरचे किडे करतात ती. तिच्यात दगडाची पूड घालत. त्यावर पोलादी सुई इतकी झिजे की प्रत्येक बाजूला नवी लावावी लागे. सुई बदलता येते हो, पण खाचही झिजते, ती कुठून आणायची? नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान गायल्या. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. तबकड्या छापायच्या जर्मनीत, तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. बाईनं आपल्या तोंडानं नोंदवलेलं नाव, आणि आपण ऐकायला बसलो की सुई तेच थोडं थोडं खरवडणार! मला हे फार लागतं.

यावर उपाय शोधला गेला अमेरिकेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट रीस या विद्यार्थ्यानं १९८१ मध्ये सुईऐवजी प्रकाशानं तबकडी वाजवण्यावर प्रबंध लिहिला. लेसरचा किरण खाचेच्या भिंतीवर टाकायचा, आणि तो कसा परततो त्यावरून आवाज ओळखायचा. कुठं स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. १९८३ मध्ये त्यासाठी फिनियल नावाची कंपनी निघाली. पण १९८२ मध्येच सीडी आली होती. तीही लेसरनंच वाचली जाते. लोकांनी तबकड्या बाजूला ठेवल्या आणि फिनियलचं यंत्र दुकानात पोचलंच नाही.

पुढे जपानच्या ईएलपी कंपनीनं हे काम घेतलं आणि १९९०च्या दशकात यंत्र विकायला काढलं. त्यात पाच किरण. दोन वाट धरतात, दोन खाचेच्या दोन्ही भिंती वाचतात, एक उंची सांभाळतो. म्हणून थोडी वाकलेली तबकडीही चालते. किंमत मात्र तेव्हा वीस हजार डॉलरच्या घरात होती!

आणि गंमत बघा, या महागड्या यंत्राला हरवलं कुणी, तर धुळीनं. सुई जाता जाता केरसुणीसारखी धूळ बाजूला सारते. किरण काही झाडत नाही, तो धुळीलाही आवाज समजतो आणि खरखर ऐकवतो. त्यामुळे दर वेळी तबकडी नीट स्वच्छ करावी लागते. रंगीत, आरपार दिसणाऱ्या तबकड्या तर त्याला वाचताच येत नाहीत.

जुने आवाज जपणाऱ्या संस्थांना पुढे आणखी एक वाट सापडली. बर्कलीच्या प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि व्हिटाली फादेयेव या शास्त्रज्ञांनी खाचेचे बारीक फोटो काढून संगणकाकडून आवाज काढून घेतला. या पद्धतीनं फुटलेली तबकडीसुद्धा वाचता येते.

तेव्हा माळ्यावर तबकडी सापडलीच, तर झिजलेल्या सुईनं वाजवून बघू नका. पाकिटात घालून उन्हापासून लांब, उभी ठेवा. फुटलेली असली तरी फेकू नका, सगळे तुकडे एकत्र बांधून ठेवा.