उन्हाळी भटकंती, रानफुले आणि छायाचित्राचा पुरावा

आपल्याकडे रानफुलांचा बहर पावसाळ्याच्या अखेरीस येतो. इंग्लंडात तो वसंताच्या उत्तरार्धापासून उन्हाळाभर टिकतो. त्यामुळे तेथे उन्हाळ्यातील पायी भटकंती आणि वनस्पतिनिरीक्षण यांची सांगड जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात या भटकंतीत कॅमेराही सामील झाला. फुलांची व माळरानांची ती छायाचित्रे केवळ हौसेची निर्मिती मानली जातात. इतिहासाचे साधन म्हणून ती कितपत ग्राह्य धरावीत, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घ्यावयाचा आहे.

छायाचित्रण आणि वनस्पतिशास्त्र यांचा संबंध आरंभापासूनचा आहे. 1839 मध्ये आपली पद्धती जाहीर करणारे टॅल्बट हे स्वतः वनस्पतींचे अभ्यासक होते. संस्कारित कागदावर पाने ठेवून त्यांनी सूर्यप्रकाशात ठसे घेतले. हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेल्या निळ्या मुद्रणपद्धतीने अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी 1843 पासून शैवालांचे चित्रसंग्रह सिद्ध केले. परंतु हे सर्व ठसे खुडून आणलेल्या नमुन्यांचे होत. फूल जेथे उगवले तेथेच त्याचे चित्र घेणे त्या काळी कष्टाचे होते, कारण ओल्या कलोडियन काचेवरील चित्र काच वाळण्यापूर्वीच जागेवर धुवावे लागे व त्यासाठी काळोखा तंबू सोबत न्यावा लागे. 1870 नंतरच्या दशकात कोरड्या काचा आल्या, 1888 मध्ये कोडॅक व 1900 मध्ये स्वस्त ब्राउनी कॅमेरा आला, आणि ही अडचण दूर झाली.

याच सुमारास स्थानिक दृश्यांच्या पद्धतशीर नोंदीचा विचार पुढे आला. बर्मिंगहॅमचे जेरोम हॅरिसन यांनी 1889 मध्ये तशी योजना मांडली; 1897 मध्ये बेंजामिन स्टोन यांनी राष्ट्रीय छायाचित्र-नोंद संघ स्थापन केला. मात्र त्या नोंदींचा मुख्य भर चर्च, जुनी घरे व लोकाचार यांवर राहिला.

या चित्रांचे वाचन करताना एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. साध्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम अधिक होई, पिवळ्या व तांबड्याचा अत्यल्प. त्यामुळे पिवळे बटरकप काळसर उमटे व निळे ब्लूबेल फिकट दिसे. फोगेल यांनी 1873 मध्ये रंजकद्रव्यांच्या साहाय्याने हा दोष कमी करण्याचा मार्ग दाखविला. सर्व रंगांना संवेदनशील अशा काचा इंग्लंडात 1906 मध्ये विक्रीस आल्या. आकाशाचेही तसेच. ते बहुधा कोरे पांढरे येई, म्हणून काही छायाचित्रकार दुसऱ्या काचेवरील ढग त्यावर छापीत. तेव्हा चित्रातील ढग त्या दिवसाच्या हवामानाचा पुरावा ठरत नाही, आणि काळसर फूल गडद रंगाचेच होते असेही म्हणता येत नाही.

ही चिकित्सा निरर्थक नव्हे. इंग्लंड व वेल्समधील सखल प्रदेशांतील निमनैसर्गिक गवताळ कुरणांपैकी सुमारे 97 टक्के कुरणे 1930 नंतरच्या अर्धशतकात नाहीशी झाली, असा निष्कर्ष फुलर यांनी 1987 मध्ये मांडला. जे कुरण आज नांगराखाली आहे, त्याचे एखाद्या हौशी माणसाने रविवारच्या फेरफटक्यात टिपलेले चित्र हे क्वचित त्याचे एकमेव दृश्य साधन असू शकेल. अशा चित्रामागे स्थळ व दिनांक लिहिलेला असेल, तर त्याचे मोल शतपट वाढते. काचेचा प्रकार, काळ आणि छापण्याची रीत यांची छाननी करून मगच त्याची साक्ष घ्यावी. परंतु ते हौसेचे आहे एवढ्यावरून ती नाकारू नये.