दिनारियसचे सुट्टे आहेत का?

ओहोटी लागलीय. लंडन ब्रिजजवळ थेम्सचं पाणी मागे सरलंय आणि तुम्ही चिखलात उकिडवे बसलाय. परवाना खिशात आहे ना? त्याशिवाय इथं काही शोधायची सोय नाही. खापऱ्या, हाडं, मातीच्या चिलमींचे तुकडे, आणि त्यात एक करडी चकती. अंगठ्यानं पुसा. दाढीवाला चेहरा दिसतोय? सम्राट हेड्रियन. चांदीचा दिनारियस, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. मूठ मिटा, डोळेही मिटा.

आता श्वास घ्या.

ठसका लागला? ओल्या लाकडांचा धूर आहे. त्यामागून कमावलेल्या कातड्याचा दर्प येतोय आणि त्यावर कडी करणारा माशांच्या आंबवलेल्या रसाचा वास. हे लंडिनियम, रोमनांचं लंडन! बाजूला व्हा, हमाल स्पेनच्या तेलाचे रांजण खांद्यावर घेऊन थेट तुमच्या अंगावर येतोय. लाकडी पुलावर बैलगाड्यांचा खडखडाट चाललाय, गर्दीत कुणी लॅटिनमध्ये भांडतंय, कुणी स्थानिक बोलीत शिव्या घालतंय. पायाखाली कालवांचे शिंपले करकरतात.

भूक लागली असेल, तर त्या गुत्त्यात शिरा. शेगडीच्या धगीनं चेहरा भाजतो, पण रटरटणाऱ्या मटणाच्या वासापुढे त्याचं काय! आधी प्यालाभर दारू मागा आणि नाणं पुढे करा.

मालक आधी तुमच्या पँटकडे बघतो, मग नाण्याकडे. फळीवर आपटून आवाज ऐकतो, कड नखानं खरवडतो. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा, असली नाणी त्याला नवी नाहीत. नाणं खरं निघतं, तरी त्याचं तोंड वाकडंच. सुट्टे कुठून आणायचे?

त्याचंही बरोबर आहे. एका दिनारियसचे सोळा आस होतात. पॉम्पेईत एका गुत्त्याच्या भिंतीवरच लिहिलं होतं: साधी दारू एका आसला. रोमन लीजनच्या शिपायाला वर्षाला मिळतात तीनशे दिनारियस, त्यातूनही जेवण आणि बुटांचे पैसे कापले जातात. म्हणजे एका प्याल्यासाठी तुम्ही त्याच्या दिवसाच्या पगाराहून मोठं नाणं काढलंत!

मालक शेजारच्या दुकानात जाऊन येतो आणि तीन जाडजूड पितळी सेस्टर्टियस आणि तीन तांब्याचे आस तुमच्या हातावर आदळतो. चिमुकल्या चांदीच्या बदल्यात शंभरेक ग्रॅम धातू! इथल्या अंगरख्यांना खिसे नसतात, सगळे कमरेला थैली का बांधतात ते आता कळलं?

चिखल धुवायला हमामखान्यात चला. आत वाफ, तेल, मालिशवाल्याच्या चापट्या, घुमणारे आवाज. फरशी खालून तापवलेली आहे, लाकडी खडावा घाला. कपडे मात्र रामभरोसे सोडू नका. बाथ शहरात लोकांनी कपडेचोरांना दिलेले शाप शिशाच्या पत्र्यांवर कोरून ठेवलेत. दाराशी राखणदार हात पसरून उभा आहे. घासाघीस नको, एक आस टेकवा. आता सुट्टे आहेत की तुमच्याकडे!