शाहीर साबळे आणि आपल्या उपासनेतील लोकसंगीत

वाईहून पाचगणीला चढणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे गाव आहे. ३ सप्टेंबर १९२३ रोजी तेथे जन्मलेले कृष्णराव गणपतराव साबळे पुढे 'शाहीर साबळे' म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा कर्जत-खालापूरकरांना हा आवाज परका वाटला नाही. खोपोलीच्या कारखान्यांत घाटावरून आलेल्या कामगारांनी आपली भाकरी आणली तशी आपली गाणीही आणली होती. तो खडा, मोकळा, किंचित घोगरा आवाज रेडिओवर लागला की हातातले काम थांबत असे.

बालपणी अमळनेरला असताना त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा सातवीतच सुटली. मात्र गुरुजींचा संस्कार सुटला नाही. स्वातंत्र्यलढ्याचा प्रचार, अस्पृश्यतेविरुद्धची गाणी आणि स्वतःच्या गावातील मंदिरप्रवेश हे सारे एकाच निष्ठेतून आले. त्यांच्या अनेक गाण्यांचे शब्द पत्नी भानुमती यांचे होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. 'यमराज्यात एक रात्र' या मुक्तनाट्याने त्यांनी लोकनाट्याला नवा प्रेक्षक दिला. 'आंधळं दळतंय'मागच्या राजकीय भूमिकेशी सर्वांचेच जमेल असे नाही. प्रस्तुत लेखकाचेही पूर्णपणे जमत नाही. पण रंगभूमीवरील त्यांची हुकमत निर्विवाद होती.

आम्हा ख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्यातील विशेष मोलाची वाटते ती एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाची गायकी. कामक्रोधाच्या विंचवाने दंश केलेला माणूस आणि त्यावरचा सत्त्वगुणाचा उतारा हा विषय तपश्चर्याकाळातील प्रवचनाचा. साबळ्यांनी मात्र लोकांना आधी हसवले, मग अंतर्मुख केले. एकनाथ १५९९ मध्ये निवर्तले, तेव्हा फादर स्टीफन्स गोव्यात येऊन वीस वर्षे झाली होती. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, तेही ओवीत, म्हणजे जात्यावर बसणाऱ्या बायाबापड्यांच्या छंदात.

असे असता आपल्या मंदिरात ढोलकी आली की काहींच्या कपाळावर आजही आठी का पडावी? 'ती तमाशाची', असे उत्तर मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगितले. आपण पेटीवरचे भजन स्वीकारले. गोंधळ, भारूड, कोळीगीत यांपाशी मात्र अडखळलो. साबळ्यांनी हेच प्रकार 'महाराष्ट्राची लोकधारा'तून शहरी रंगमंचावर प्रतिष्ठेने उभे केले.

१९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि साबळ्यांनी गायलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. आता ते शाळाशाळांतून ऐकू येते.

आपल्या डोंगरपट्ट्यात ठाकरांचा कांबडनाच आहे, कातकऱ्यांची गाणी आहेत. त्या चाली जाणणारी वडीलधारी माणसे थकत चालली आहेत. भाताची झोडणी उरकली की आपल्या गायनमंडळातील चार तरुणांनी एखादी रात्र त्यांच्या वाडीवर जाऊन बसावे, चाली ऐकाव्यात, आणि त्यांची संमती असेल तर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. येत्या नाताळच्या गीतांसाठी तेवढा अवधी पुरेल.