लॅपटॉप चालू होतो, पण विंडोज उघडत नाही. अडथळा कुठे शोधावा?

मध्य प्रदेशातील तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मुघल काळात, इ. स. १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीयोजना उभारण्यात आली. सातपुड्याच्या बाजूचे पाणी एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत वाहत शहराकडे येते. अशा योजनेत पाणी थांबले, तर ते कोणत्या कुंडीपर्यंत पोहोचले हे आधी पाहावे लागते. लॅपटॉपचेही तसेच आहे. बटण दाबताच मदरबोर्डला वीज मिळते. बायोस किंवा यूईएफआय ही मूळ प्रणाली रॅम आणि इतर भाग तपासते. मग डिस्कवरील बूटलोडर विंडोजला रॅममध्ये आणतो. क्रम कुठे तुटला, हे बहुधा पडद्यावरून कळते.

दिवा लागतो, पडदा काळा : चार्जर आणि बाहेरून जोडलेली सर्व उपकरणे काढावीत, पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा सुरू करावे. तरीही काळोख असेल, तर बाहेरचा मॉनिटर जोडावा. त्यावर चित्र आले तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा असू शकतो. तेथेही काही न दिसल्यास रॅम किंवा मदरबोर्डचा संशय घ्यावा. ठरावीक वेळा वाजणारी बीप किंवा लुकलुकणारा दिवा हा दोषाचा संकेत असतो. त्याचा अर्थ कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मिळतो.

लोगो येतो, डिस्क सापडत नाही : प्रथम पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढावे. नंतर बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव दिसत असल्यास बूटचा क्रम तपासावा. दिसत नसल्यास डिस्क सैल झाली असेल किंवा निकामी झाली असेल. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास लॅपटॉप तत्काळ बंद करावा. प्रत्येक नवा प्रयत्न माहितीचे नुकसान वाढवू शकतो.

विंडोजचे वर्तुळ फिरतच राहते : लोगो दिसताच बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. असे दोन-तीनदा केल्यास सामान्यतः दुरुस्तीचा पर्याय उघडतो. तेथे स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड आणि नुकताच आलेला अपडेट काढण्याची सोय असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच अडले होते. अनेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणे, हाच उपाय होता. मात्र बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या संगणकांना आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागली.

घाईने विंडोज नव्याने टाकणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. चुकीचा पर्याय निवडल्यास फायली कायमच्या जाऊ शकतात. डिस्क सुस्थितीत असेल, तर दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हने लॅपटॉप सुरू करून कागदपत्रे आधी उतरवून घ्यावीत. हमी शिल्लक असल्यास लॅपटॉप स्वतः उघडू नये. दुरुस्तीला देताना 'माहिती पुसू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. आणि लॅपटॉप ठणठणीत असतानाच रिकव्हरी की वहीत उतरवून महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी.