दर्यापूरकर, वल्हं सोडू नका!

चंद्रभागेकाठची डिसेंबरची थंडी आणि अंगावरची शाल दर्यापुरातच ठेवून या. इथं तिचं काही काम नाही. साल १७३५. तुम्ही संभाजी आंग्र्यांच्या आरमारातल्या एका गलबतावर आहात आणि सकाळपासूनच अंग चिकट झालंय. चाळीसेक वल्ही एका तालात पाण्यात पडतायत. दोन्ही बाजूंनी कोळी, भंडारी गड्यांचे घामेजले खांदे तुम्हाला घासतात. राळ, ओला काथ्या, माशाचं तेल, सुका बांगडा... पोट ढवळलं? ढवळू द्या. वल्हं सोडू नका.

समोर इंग्रज कंपनीचं ‘डर्बी’. विलायतेहून मुंबईसाठी खजिना घेऊन आलंय. केवढं उंच! त्याच्या दोन्ही कुशींत तोफा आहेत. तिकडून गेलात तर संपलात. म्हणून आपल्या गुराबा, म्हणजे शिडांची मोठी लढाऊ जहाजं, त्याच्या पिछाडीला लागतात. वारा पडला की गुराबांना दोर बांधून ओढायचं, ते काम तुमचं. दोर ताणला की कळ थेट कण्यात जाते. आरमाराची सगळी कीर्ती या सोललेल्या तळव्यांवर उभी आहे, असं मला मनापासून वाटतं.

धडाड्! गुराबेच्या नाळेवरची तोफ. कान बंद. डोळ्यांत धूर, जिभेवर दारूची कडू चव. नेम डोलकाठ्यांवर आहे, कारण काठी मोडली की जहाज जागचं हलत नाही. पुन्हा धडाड्! पुन्हा! शिडांच्या चिंध्या होतात, काठ्या कडाकडा कोसळतात, तांडेल घसा फोडून ओरडतो. शेवटी डर्बी शरण येतं.

मुंबईचे साहेब याला चाचेगिरी म्हणतात. पण आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून जायचं नाही, हा संभाजींचे वडील कान्होजी यांच्या वेळेपासूनचा दंडक आहे. पाऊणशे वर्षांनी बाल्टिमोरचे खासगी जहाजवाले अमेरिकी सरकारचा परवाना खिशात घालून इंग्रजांची व्यापारी जहाजं धरतील, तेव्हा ते मात्र रीतसर युद्ध ठरेल!

असो. सुवर्णदुर्ग आला. कैदी उतरतायत, पेट्या हातोहात किनाऱ्यावर जातायत, धक्क्यावर ही गर्दी! तुमचे फोड फुटलेत, खोबरेल चोळा. चला, भात वाढलाय. सुकटीचं कालवण जाळ आहे म्हणे, पण वऱ्हाडी माणसाला तिखटाचं काय भय!